सावज, भामटा आणि खोट्याची वही: श्रीमंतांना फसवणाऱ्यावर मानसशास्त्रीय थरारकादंबरी कशी बांधावी

श्रीमंत घरात शिरलेल्या भामट्यावरच्या कादंबऱ्यांचे खर्डे बहुधा एकाच जागी कोसळतात. शंभराव्या पानाच्या आसपास वाचकाच्या मनात येतं, ‘अहो, एक फोन लावला असता तर सगळं उघडं पडलं असतं.’ त्या क्षणी सावज मूर्ख ठरतं आणि भामटा नशीबवान. थरार तिथेच संपतो.

याचं मूळ कामाच्या क्रमात असतं. लेखकाला आधी शेवटचा धक्का सुचतो, मग रुबाबदार भामटा, आणि उरलीसुरली जागा भरायला फसणारी माणसं. क्रम उलटा हवा. आधी सावज, मग भामट्याची गरज, मग व्यवहार, मग खोट्याचा हिशेब, मग निवेदक. प्रकरणं त्यानंतर. खाली हाच क्रम ७५ ते ९० हजार शब्दांच्या कादंबरीसाठी दिला आहे. पहिल्या चार टप्प्यांना तीन-चार आठवडे द्या. या काळात कादंबरीचं एकही वाक्य लिहू नका, कारण लिहिलेलं वाक्य आवडलं की त्याला वाचवण्यासाठी कथानक वाकवलं जातं.

हाताशी काय हवं

एक जाड वही किंवा संगणकावरचा तक्ता, कथा ज्या वर्षी घडते त्या वर्षाची तिथी-वारासह दिनदर्शिका आणि त्या शहराचा नकाशा. कथा मुंबई-अलिबागची असेल तर भरती-ओहोटी आणि बोटींचं वेळापत्रकही. एक वकील आणि एक बँक कर्मचारी, प्रत्येकी तासभर प्रश्न विचारू देणारे, मिळाले तर फारच उत्तम.

## टप्पा १: सावजाची उणीव ठरवा

श्रीमंत माणूस लोभामुळे फसतो हे अर्धंच खरं. पैसा त्याच्याकडे आहेच. तो फसतो ते पैशाने न मिळणाऱ्या गोष्टीसाठी: ओळख, दर्जा, वारसा, सोबत, किंवा आपण अजून कामाचे आहोत ही भावना. ही उणीव एका वाक्यात लिहा. वाक्यात ‘पैसा’ हा शब्द आला तर पुन्हा लिहा.

पुढच्या सगळ्या टप्प्यांसाठी एक काल्पनिक उदाहरण धरू. मलबार हिलवर राहणाऱ्या साठीच्या विधवा बाई. नवऱ्याचा कारखाना विकला गेला, मुलगा न्यू जर्सीत. दर रविवारी तो फोनवर सांगतो, ‘आई, तू कशात पडू नकोस.’ बाईंची उणीव: ‘नवऱ्याच्या पश्चात एक तरी मोठा निर्णय मी एकटीने घेतला, हे मुलाला दिसलं पाहिजे.’

या वाक्यातूनच ‘मुलाला का विचारलं नाही’ याचं उत्तर मिळतं. विचारलं असतं तर निर्णय तिचा राहिला नसता. सावजाची उणीव नीट निवडली की तो एक फोन आपोआप बंद होतो.

सावज हुशार ठेवा. ख्रिस्तियान गेर्हार्ट्सरायटर हा जर्मन माणूस अमेरिकेत ‘क्लार्क रॉकफेलर’ म्हणून, म्हणजे तिथल्या गर्भश्रीमंत रॉकफेलर घराण्यातला म्हणून वावरला. १९९५ पासून बारा वर्षं त्याची पत्नी होती ती उत्तम कमावणारी व्यवस्थापन सल्लागार, आणि संसार तिच्याच पगारावर चालत होता. अशी बाई मूर्ख नसते. माणूस ऑफिसात जी चौकसबुद्धी वापरतो ती घराच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवतो. तुमच्या सावजालाही एक क्षेत्र असं द्या जिथे त्याला कोणीच फसवू शकत नाही. आपल्या बाईंना हिऱ्यातली खोट नुसत्या डोळ्यांनी कळते. मग त्या फसतात तेव्हा वाचकाला कीव येत नाही, भीती वाटते.

*तपासा:* सावजाची बाजू घेऊन पाच मिनिटं बोलून पाहा. ‘तिच्या जागी मीही हेच केलं असतं’ असं वाटत नसेल तर टप्पा २ कडे जाऊ नका.

## टप्पा २: भामट्याचं घरभाडं

भामट्याला बालपणीचा घाव द्यायची लेखकांना फार हौस. त्याआधी त्याचा महिन्याचा खर्च काढा. श्रीमंतांमध्ये वावरणं महाग पडतं. कपडे, हॉटेल, टिप, गाडी, भेटवस्तू, आणि कुठेतरी एक खरी खोली जिथे तो शर्ट वाळत घालतो. ही रक्कम कोण भरतं? बहुतेक वेळा मागचं सावज. म्हणजे नवं सावज शोधायला त्याच्याकडे ठरावीक दिवसच असतात. थराराचं पहिलं घड्याळ इथे मिळतं आणि त्यासाठी बॉम्ब, अपहरण वगैरेंची गरज पडत नाही.

न्यूयॉर्कमध्ये आना सोरोकिनने स्वतःला जर्मन वारसदार म्हणवलं. परदेशात सुमारे ६ कोटी युरोंची मालमत्ता असल्याचं ती सांगे आणि कला क्लबसाठी २.२ कोटी डॉलरचं कर्ज मागत होती. ते कर्ज मिळालं नाही. मिळाली ती १ लाख डॉलरची उचल, आणि जवळचे लोक आपापल्या कार्डांवर भरत राहिलेली बिलं. मोठं खोटं कोटींचं असतं, रोजचं जगणं मात्र किरकोळ उसनवारीवर चालतं. कादंबरीत या दोन्ही पातळ्या हव्यात. फक्त मोठी दाखवली तर भामटा सिनेमातला वाटतो.

घाव द्यायचाच तर तो कामाचा असावा, म्हणजे त्याच्या पद्धतीत दिसणारा. वाचकाला सांगू नका. तो दुसऱ्याच्या घरात उरलेलं अन्न फेकू देत नाही, एवढं पुरेसं आहे.

इशारा: भामट्याला एकाच वेळी हॅकर, नकलाकार, वकील आणि मारामारीत तरबेज करू नका. एक कौशल्य अव्वल ठेवा आणि एक ठार कच्चं. कच्चं कौशल्यच शेवटी त्याला गोत्यात आणतं.

## टप्पा ३: व्यवहार, कागदपत्रांसकट

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. ‘एक मोठी गुंतवणूक’ असं मोघम लिहून चालत नाही. व्यवहार असा हवा की खरा असता तर शहाण्या माणसानेही केला असता.

लालूच माफक ठेवा. गुंतवणुकीच्या नावाखाली श्रीमंतांना बुडवणारा अमेरिकेतला बर्नार्ड मॅडॉफ २००८ मध्ये पकडला गेला तेव्हा कळलं की तो गुंतवणूकदारांना वर्षाला साधारण १० ते १२ टक्के दाखवत होता, पण वर्षानुवर्षं न चुकता. शिवाय त्याच्याकडे सहज प्रवेश मिळत नाही, अशी हवा होती. दुप्पट पैशाचं आमिष गरिबाच्या कथेत चालतं. श्रीमंताला नकाराची चव दाखवावी लागते. भामट्याने पहिल्यांदा ‘हे तुमच्यासाठी नाही’ म्हणायला हवं.

आता आपल्या बाईंचा व्यवहार: अलिबाग तालुक्यात ४० गुंठे, म्हणजे एक एकर. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर शेतकरी असावं लागतं. १९४८ च्या कुळवहिवाट आणि शेतजमीन कायद्याचं कलम ६३ बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेऊ देत नाही. बाई शेतकरी नाहीत. भामटा सांगतो, ‘तुमच्या माहेरच्या एका जुन्या सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव चढवून घेऊ. एक प्रतिज्ञापत्र द्या फक्त.’

त्यांनी सही केली त्या दिवशीच सापळा लागला. जमीन अजून मिळालेली नाही, पैसेही गेलेले नाहीत. तरी त्यांच्या नावावर एक खोटा कागद आहे. यापुढे तक्रार करायची तर आधी स्वतःचा गुन्हा सांगावा लागेल. सावजाला लहानसा अपराध करायला लावणं हा या प्रकारच्या कादंबरीचा कणा आहे. ‘पोलिसांत का गेली नाही’ हा प्रश्न त्याने सुटतो, आणि गोष्ट पैशाची न राहता मनाची होते.

मग व्यवहार आजच्या वाचकाच्या शंकांवर घासून बघा. तो हुशार आहे, त्याच्या हातात मोबाइल आहे.

सातबारा तर घरबसल्या दिसतो, मग? दिसू द्या. जमीन खरी, मालक खरा, उतारा स्वच्छ. वकिलाने ३० वर्षांचा शोध घेतला तरी अहवाल निर्दोष येतो. मालक परदेशात आहे आणि खोटं आहे ते फक्त मुखत्यारपत्र, म्हणजे मालकाच्या वतीने सही करायचा अधिकार म्हणून भामट्याने दाखवलेला कागद. एवढंच. खोटं जितकं लहान तितकं ते खऱ्याच्या गर्दीत लपतं.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात काय होतं? तिथे फोटो निघतो, अंगठा घेतला जातो, साक्षीदार लागतात. नवे लेखक हा प्रसंग टाळतात. टाळू नका, कारण आयुष्यभर कुठेही खूण न ठेवणाऱ्या माणसाचा चेहरा आणि अंगठा इथे पहिल्यांदा सरकारी दप्तरात जातो. त्याला हे कळतं, तरी तो अंगठा ठेवतो. का? याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर कादंबरीच्या मधल्या भागाची चिंता मिटली.

नोंदणीनंतर फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरच्या मालकीबदलाची, नोंद धरली जाते आणि हितसंबंधितांना हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते. ती मूळ मालकाच्या गावातल्या चुलतभावाच्या हाती पडते. हे तुमचं दुसरं घड्याळ. सरकारी आहे, रटाळ आहे, म्हणूनच भयानक आहे.

*तपासा:* कागदांची यादी करा (विसार पावती, मुखत्यारपत्र, प्रतिज्ञापत्र, खरेदीखत, फेरफार नोटीस) आणि प्रत्येकापुढे लिहा: कोणी बनवला, कुठे ठेवला, कोणी पाहिला, नेमका खोटा भाग कोणता. एकही रकाना रिकामा राहता कामा नये.

इशारा: कायद्याची आणि सोयींची तारीख पाहा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधी केलेल्या फसवणुकीला ‘चारसोवीस’च लागतं, त्यानंतरच्या फसवणुकीला कलम ३१८. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली, तेव्हा २०१६ सालच्या भामट्याला गाडीसह बोटीत चढवू नका. गेटवेहून सुटणाऱ्या प्रवासी बोटी पावसाळ्यात बंद असतात. जुलैतला समुद्रावरचा प्रसंग लिहिण्याआधी हे आठवा.

## टप्पा ४: खोट्याची वही

भामटा काय बोलला हे लेखकच विसरतो, ही या प्रकारातली सर्रास चूक. वहीत सहा रकाने आखा: खोटं काय, कोणाला सांगितलं, कोणत्या तारखेला, पुरावा कोणता दाखवला, ते खोडून कोण काढू शकतो, आणि कोणत्या प्रकरणात.

पाचवा रकाना सोन्याचा. तिथे ज्यांची नावं येतात ती तुमची दुय्यम पात्रं. वेगळी शोधायला जाऊ नका.

साधारण २५ ते ३० खोटी विधानं पूर्ण कादंबरीला पुरतात. त्यांतली तीन-चार एकमेकांशी विसंगत ठेवा, मात्र ती वेगवेगळ्या माणसांना सांगितलेली असावीत. ही माणसं एका खोलीत आली की प्रसंग आपोआप पेटतो. एखादं बारसं, एखादी शोकसभा, सोसायटीची वार्षिक सभा. पार्टीत नको, पार्ट्या फार झाल्या.

मराठी घरात एक परीक्षा अटळ आहे, तिची नोंद पहिल्याच ओळीत करा: आडनाव काय, मूळ गाव कुठलं, त्या गावच्या अमक्यांचे तुम्ही कोण? परदेशी कादंबऱ्यांचा साचा उचलणारे हे विसरतात. न्यूयॉर्कमध्ये ‘जर्मनीहून आले’ एवढं सांगून भागतं. इथे कुलदैवत सांगावं लागतं. भामट्याने खोटं गाव निवडताना ते धरणाखाली गेलेलं निवडलं, तर तो किती पुढचा विचार करतो हे वेगळं सांगायची गरज नाही.

## टप्पा ५: कोणाच्या डोळ्यांनी

तीन वाटा आहेत.

भामटाच ‘मी’ असेल तर वाचक त्याचा साथीदार बनतो आणि ताण ‘पकडला जाईल का’ असा असतो. या वाटेवर नियम एकच: निवेदकाने इतर पात्रांशी हवं तितकं खोटं बोलावं, वाचकाशी नाही. वाचकापासून त्याने गाळावं. ‘मी खोलीबाहेर आलो आणि हात धुतले’ हे वाक्य खरं आहे, खोलीत काय घडलं ते गाळलेलं. दुसऱ्या वाचनात अशी वाक्यं लख्ख दिसली पाहिजेत. ‘ते सगळं स्वप्न होतं’ किंवा ‘मी आधी सांगितलं ते खोटं होतं’ ही पळवाट आहे, आणि पुस्तक विकत घेतलेला माणूस ती माफ करत नाही.

सावज ‘मी’ असेल तर संशय उशिरा यायला हवा, वाचकाला तिच्याआधी दोन प्रकरणं. त्याहून जास्त अंतर पडलं तर वाचक कंटाळतो.

तिसरी वाट म्हणजे दोघांच्या जवळून जाणारा तृतीयपुरुषी निवेदक, आलटून पालटून. पहिल्या कादंबरीला आमच्या मते हीच बरी. एकच घटना दोनदा सांगायचा मोह मात्र आवरा. दुसऱ्या बाजूने तीच घटना आली तर तिच्यात निदान एक नवी वस्तुस्थिती हवी.

*तपासा:* प्रत्येक प्रकरणासाठी तक्ता करा: वाचकाला काय ठाऊक, सावजाला काय, भामट्याला काय. तिन्ही रकाने सलग तीन प्रकरणं सारखेच राहिले तर त्यांतलं एक प्रकरण उडवा.

## टप्पा ६: प्रकरणांचा सांगाडा

सुमारे ४० प्रकरणं, प्रत्येकी दोन हजार शब्दांच्या आसपास. पहिल्या ५ मध्ये ओळख आणि भामट्याने दिलेला पहिला नकार. प्रकरण १० पर्यंत सावजाने त्याच्याकडे काहीतरी मागितलेलं असावं. लक्षात घ्या, भामटा मागत नाही, सावज मागतं. विसाव्या प्रकरणाच्या आगेमागे प्रतिज्ञापत्रावरची सही. तिसाव्यात पहिला तडा. तिथपासून पस्तिसाव्यापर्यंतचा पट्टा सगळ्यांत कठीण, कारण सावजाला आता कळलेलं असतं आणि तरीही ती गप्प असते. ती गप्प का आहे याची कारणं बदलत न्या: आधी लाज, मग मुलाची भीती, मग स्वतःच्या सहीची भीती, आणि शेवटी (हे जमलं तर कादंबरी वरच्या पायरीवर जाते) त्याच्याशिवाय येणाऱ्या रिकाम्या संध्याकाळींची भीती.

## टप्पा ७: घर, नोकर, संबोधनं

श्रीमंती वस्तूंच्या नावांनी दिसत नाही. ब्रँडची यादी दिली की लेखक दुकानाबाहेर उभा असल्यासारखा वाटतो. जुन्या पैशाचं घर बरंचसं जुनाट असतं. उसवलेल्या कडेचा गालिचा, तीस वर्षं त्याच घरात असलेला स्वयंपाकी, किंमत कधीच न विचारण्याची सवय. नवा पैसा किंमत सांगतो. भामटा हा फरक वाचतो, तर तुम्हालाही वाचता आला पाहिजे.

सत्य सगळ्यात आधी नोकरांना कळतं. वॉचमनच्या नोंदवहीत भामट्याने तीन वेळा तीन वेगवेगळे फ्लॅट नंबर लिहिलेत. ड्रायव्हरला माहीत आहे की साहेब कोपऱ्यावर उतरतात, बिल्डिंगखाली कधीच नाही. स्वयंपाकीण पाहते की तो मीठ मागताना कचरतो. पण त्यांना कोणी विचारत नाही, आणि न विचारता सांगितलं तर नोकरी जाते. हा ताण फुकट मिळतो, बहुतेक लेखक तो वापरत नाहीत.

संवादात मराठीचं एक हत्यार आहे. भामटा बाईंना पहिल्या दिवशी ‘मॅडम’ म्हणतो, महिन्याभराने ‘काकू’, मुलाचा फोन आला त्या संध्याकाळी ‘आई’. त्या त्याला ‘तुम्ही’वरून ‘अरे’वर कधी आल्या, ते पान ठरवून ठेवा आणि त्या पानावर दुसरं काहीही घडवू नका. शेवटी तो पुन्हा ‘मॅडम’ म्हणेल तेव्हा चाकू काढायची गरज पडणार नाही.

इशारा: मलबार हिलवरचं घर म्हणजे सगळे प्रमाण मराठीत बोलतात असं नाही. गुजराती, मारवाडी, पारशी, सिंधी शेजार आहे, हिंदी-इंग्रजी मिसळलेली असते. लहेजा एखाद्या शब्दातून सुचवा, पानभर नक्कल नको.

## टप्पा ८: उघडकी

पोलिसांनी येऊन सगळं समजावून सांगणं हा शेवट नव्हे. पुरावा सावजाच्या हाती लागला पाहिजे, आणि तोही तिच्या अव्वल कौशल्यातून. आपल्या बाईंना हिऱ्यातली खोट दिसते हे पहिल्या टप्प्यात ठरलंय. भामट्याने ‘माझ्या आजीची’ म्हणून भेट दिलेली अंगठी त्या उजेडात धरतात. ती अंगठी दहाव्या प्रकरणातच आलेली असावी. तेव्हाही त्यांनी ती पाहिली होती आणि तेव्हाही त्यांना दिसलं होतं. त्या बोलल्या नाहीत. मानसशास्त्रीय कादंबरीतला धक्का असा असतो: भामटा खोटा निघाला हा नव्हे, तर सावजाला कधीपासून ठाऊक होतं हा.

कायद्याचा न्याय आणि माणसाचा न्याय एकच असतो असं धरून चालू नका. सोरोकिनच्या खटल्यात २०१९ मध्ये ज्युरीने तिला अनेक आरोपांत दोषी ठरवलं, पण मोरोक्कोच्या सहलीत मैत्रिणीच्या कार्डांवर पडलेल्या सुमारे ६२ हजार डॉलरच्या आरोपातून ती सुटली. सगळ्यांत जवळच्या माणसाची फसवणूक कोर्टात सिद्ध झाली नाही. अशी फट तुमच्या शेवटात ठेवा.

## टप्पा ९: दुसऱ्या खर्ड्याची तपासणी

पहिला खर्डा पंधरा दिवस बाजूला ठेवा. मग चार स्वतंत्र फेऱ्या घाला. एका फेरीत एकच गोष्ट.

१. फक्त तारखा. दिनदर्शिकेवर प्रत्येक प्रसंग टाका. बँक, निबंधक कार्यालय आणि कोर्ट सुट्टीच्या दिवशी उघडी निघतात ती इथेच.

२. फक्त पैसे. भामट्याकडे कुठल्या दिवशी किती रुपये होते? विसार ४० लाखांचा असेल तर ते कोणत्या खात्यात गेले, खातं कोणाच्या नावाचं? रोख दिले असं लिहिण्याचा मोह होईल. जमिनीच्या व्यवहारात २० हजार आणि त्यापुढची रक्कम रोखीने घेणं कायद्याला मंजूर नाही. बाईंनी तरीही थोडी रोख दिली असेल तर तो त्यांचा दुसरा अपराध, आणि तो तसाच लिहा.

३. फक्त फोन. ज्या ज्या जागी एका फोनने खोटं कोसळलं असतं, तिथे समासात खूण करा आणि तो का झाला नाही याचं कारण त्याआधीच्या पानांत आहे का ते पाहा. नंतरच्या पानात दिलेलं कारण ही सबब असते.

४. फक्त भामट्याची वाक्यं, सलग, मोठ्याने. तो सगळ्यांशी एकाच सुरात बोलत असेल तर अजून काम बाकी आहे. वॉचमनशी, बाईंशी, मुलाशी आणि एकटा असताना, असे त्याचे चार आवाज ऐकू आले पाहिजेत.

यानंतर हस्तलिखित दोघांना वाचायला द्या: एक अशा व्यवहारांतला माणूस, एक निव्वळ वाचनाची आवड असलेला. दोघांनाही एकच प्रश्न विचारा, ‘तुम्हाला संशय कोणत्या पानावर आला?’ वाचकाचं पान तुमच्या वहीतल्या पानाच्या २०-२५ पानं आधी असेल तर आधीच्या खुणा पातळ करा. नंतर असेल तर त्या खुणा अंगठीसारख्या वस्तूंत हलवा, संवादात घालू नका.

आणि ‘आवडली’ एवढंच उत्तर आलं तर पान क्रमांक मिळेपर्यंत सोडू नका.